समोर नसलेल्या माणसाशी बोलणं

गेल्या पावसाळ्यात दर बुधवारी रात्री साडेआठला मी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जायचो. लिफ्टच्या मशीनरूमला बाहेरून एक अरुंद छज्जा आहे, त्याखाली एक माणूस कसाबसा कोरडा राहतो. फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहतो आणि भिंती अशा की शेजारच्या खोलीतलं अलार्म स्नूझ केलेलंही कळतं. रूममेट्सना सांगितलं होतं, यूएसच्या क्लायंटचा कॉल असतो. खरं म्हणजे तो माझा समुपदेशनाचा तास होता.

कारण अगदी साधं होतं, इतकं की सांगायची लाज वाटायची. मी बॅकएंड इंजिनिअर आहे, वय अठ्ठावीस. माझ्या एका बदलामुळे एका रात्री आमची सर्व्हिस चाळीस मिनिटं बंद पडली. कुणी ओरडलं नाही, नोकरी गेली नाही. पण त्यानंतर ऑन-कॉलच्या अलर्टचा आवाज आला की छातीत धडधडायला लागायचं. मग आवाज नसतानाही ते व्हायला लागलं. एकदा मिसळ खाताना शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी फोन त्याच सुरात वाजला आणि मी ताट तसंच ठेवून बाहेर आलो. ईसीजी काढला, नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, “टेन्शन कमी घ्या.” ते कुठल्या सेटिंगमध्ये जाऊन कमी करतात, ते मात्र सांगितलं नाही.

मग ऑनलाइन समुपदेशक शोधली. पहिले तीन तास मी कॅमेरा बंद ठेवला. तिने चालू करायला सांगितलं नाही. दुसऱ्या तासाला मी जरा चिडूनच विचारलं, “मॅडम, तुम्ही मला पाहिलेलंसुद्धा नाही. तुम्हाला काय कळणार?”

ती म्हणाली, “तुम्हाला काय वाटतं?”

मी आणखी चिडलो. प्रश्नावर प्रश्न टाकणारा प्रोग्राम मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला स्वतः लिहिला होता, त्याबद्दल पुढे सांगतो. पण डोक्यात किडा शिरला. समोर नसलेल्या माणसाशी बोलून बरं वाटू शकतं, हे पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं असेल? पुढचे काही आठवडे झोप येत नसे तेव्हा मी हेच वाचत बसलो. स्टॅक ओव्हरफ्लो वाचण्यापेक्षा ते बरं होतं.

पत्र

मला वाटायचं की मानसोपचार म्हणजे कोच, त्यावर आडवा झालेला रुग्ण आणि मागे दाढीवाला डॉक्टर. पण त्या दाढीवाल्या डॉक्टरची, म्हणजे फ्रॉइडची, एक सगळ्यात गाजलेली केस मुख्यतः दुरून चाललेली होती. १९०९ साली त्याने व्हिएन्नातल्या एका पाच वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. मुलाला घोड्यांची भीती बसली होती. उपचार सुरू असताना फ्रॉइड त्याला फक्त एकदा भेटला. बाकीचं सगळं मुलाच्या वडिलांनी टिपून पाठवलेल्या नोंदींवर चाललं. निष्कर्षांवर पुढे भरपूर वाद झाले, पण पद्धत पाहिली तर हा रिमोट सेटअपच होता.

आपल्याकडेही तेच दिसतं. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था सुरू केली. फ्रॉइडशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता. प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही.

पण मला थांबवलं ते मराठीतल्या एका मासिकाने. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना १९२५ मध्ये मुंबईच्या विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं आणि मरेपर्यंत चालवलं. त्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असत. लोक आईवडिलांना, नवऱ्याला, बायकोला किंवा गावच्या डॉक्टरला जे विचारू शकत नव्हते, ते या अनोळखी माणसाला लिहून विचारत. नाव छापून येणार नाही हा भरवसा असायचा. कर्वे डॉक्टर नव्हते, समुपदेशकही नव्हते आणि त्यांची भाषा हळुवार वगैरे तर अजिबातच नव्हती. तरी पत्रं यायची.

१९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, तो याच उत्तरांवरून. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांविषयीच्या वाचकांच्या शंकांना त्यांनी उत्तरं दिली होती. मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयाचं मासिक आहे तर प्रश्न त्याच विषयाचे येणार आणि विचारणाऱ्याला माहिती असलेल्याने उत्तर द्यायलाच हवं, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

हे वाचताना मला त्या पत्र लिहिणाऱ्यांचा विचार सुटेना. हस्तमैथुनाने आपण खंगून मरणार, वेडे होणार, या भीतीत जगणारी पोरं असणार ती. त्यांना उपचारांची गरजच नव्हती. ‘तुला काही झालेलं नाही’ एवढं कुणीतरी खात्रीने सांगायला हवं होतं. कोर्टाने दंड केला तो ते सांगण्याबद्दल. कर्व्यांनी दंड भरला आणि मासिक पुढे चालू ठेवलं.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे वारले.

फोन

त्यानंतर एकोणीस दिवसांनी, २ नोव्हेंबर १९५३ रोजी, लंडनमधल्या सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्ये चॅड वारा नावाच्या पाद्रीने एका टेलिफोनपाशी बसायला सुरुवात केली. आत्महत्येचे विचार येत असतील तर या नंबरवर फोन करा, अशी ती सेवा होती. पुढे तिचं नाव ‘समॅरिटन्स’ पडलं.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण वाराची गोष्ट वाचल्यावर मला कर्वेच आठवले. १९३५ मध्ये, नुकता पाद्री झालेला असताना, त्याला एका चौदा वर्षांच्या मुलीचे अंत्यविधी करावे लागले होते. तिला पहिल्यांदा पाळी आली होती. आपल्याला गुप्तरोग झाला असं तिला वाटलं आणि तिने जीव दिला. तिला हे विचारायला कुणीच नव्हतं. वारा ती गोष्ट आयुष्यभर विसरला नाही. लैंगिक शिक्षणावर तोही बोलत राहिला आणि त्यालाही लोकांनी शिव्या घातल्या.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. फोन इतके यायला लागले, लोक इतके यायला लागले की वाराने मदतीला काही साधी माणसं घेतली. त्यांचं काम म्हणजे वाट पाहणाऱ्यांना चहा द्यायचा आणि त्यांच्याशी बोलत बसायचं. काही दिवसांत त्याच्या लक्षात आलं की आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आत जाऊन त्याला भेटायची गरजच उरत नाहीये. चहा देणाऱ्याने ऐकून घेतलं, तेवढ्यावर ते सावरून परत जात होते. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्याने ऐकण्याचं काम या स्वयंसेवकांकडेच सोपवलं.

हे मला पूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण ऑगस्टमधल्या एका शनिवारी रात्री, बुधवार चार दिवस लांब असताना, मी एका हेल्पलाइनला फोन केला. पलीकडे एक मुलगा होता, बहुतेक माझ्याहून लहान. त्याने मराठीत पहिलं विचारलं, “आत्ता तुम्ही सुरक्षित आहात ना?” मला वाटलं, स्क्रिप्ट वाचतोय. मी तसं म्हणालोही. तो म्हणाला, “हो, हे सगळ्यांना विचारावंच लागतं. पण उत्तर तुमचंच हवंय.” मग मी अर्धा तास बोललो. त्याने सल्ला एकही दिला नाही. फोन ठेवल्यावर मी तोंड धुतलं, थंड झालेली खिचडी खाल्ली आणि झोपलो.

मशीन

आता तो दुसऱ्या वर्षाचा प्रोग्राम.

१९६६ मध्ये एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउमने ‘एलिझा’ नावाच्या प्रोग्रामवर पेपर छापला. नाव शॉच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकातल्या फुलवालीचं. म्हणजे पुलंनी जिला आपल्याकडे ‘ती फुलराणी’तली मंजुळा केलं, तीच ही. शिकवू तसं बोलणारी.

एलिझाची सगळ्यात प्रसिद्ध स्क्रिप्ट ‘डॉक्टर’ नावाची होती. कार्ल रॉजर्सच्या पद्धतीचे समुपदेशक समोरच्याचंच वाक्य त्याच्यापुढे परत ठेवतात, त्याची ती नक्कल. आत कसलीही समज नव्हती. वाक्यात ‘आई’ आलं की कुटुंबाबद्दल विचारायचं. ‘मी’चं ‘तुम्ही’ करून वाक्य परत फेकायचं. काहीच सापडलं नाही तर ‘अजून सांगा’ म्हणायचं. पायथॉनमध्ये शंभरेक ओळींत होतं. आम्ही हॉस्टेलवर रात्रभर तिला शिव्या देऊन हसलो होतो.

वायझेनबाउम मात्र हसला नाही. हा प्रोग्राम कसा तयार होतोय हे पाहत आलेली त्याची स्वतःची सेक्रेटरी, एलिझाशी दोनचार वाक्यं बोलल्यावर त्याला म्हणाली की जरा खोलीबाहेर जाल का. काही मानसोपचारतज्ज्ञांना तर हे पुढे खरंच उपचारासाठी वापरता येईल असं वाटलं. तो हादरला. बर्लिनमधल्या ज्यू घरात जन्मलेला आणि तेराव्या वर्षी देश सोडावा लागलेला हा माणूस. १९७६ मध्ये त्याने एक अख्खं पुस्तक लिहून सांगितलं की काही कामं यंत्राला जमली तरी त्याच्याकडे देऊ नयेत.

मीही समुपदेशक शोधण्याआधी रात्री दोन वाजता एआय चॅटबॉटशी बोललोय. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं होतं. तो दमत नाही, कंटाळत नाही, त्याला लाज वाटत नाही. पण तो कशालाही ‘तुमच्या भावना समजू शकतो’ म्हणायचा आणि मला काही त्याला दुखावायची भीती नव्हती. पाचव्या तासाला माझ्या समुपदेशकाने मला चुकीचं समजून घेतलं. मी गप्प झालो, उत्तरं तुटक द्यायला लागलो. पुढच्या बुधवारी तिने सुरुवातच केली: “मागच्या वेळी मी घाईने निष्कर्ष काढला. माझं चुकलं. पुन्हा सांगाल?” मी ऑफिसमध्ये चाळीस मिनिटांच्या चुकीसाठी तीन महिने स्वतःला जाळत होतो आणि इथे एक माणूस दोन वाक्यांत चूक मान्य करून कामाला लागला होता. मी जे शिकलो त्यातलं सगळ्यात जास्त मला इथे मिळालं. ते शिकवायला चुकू शकणारं माणूसच लागतं.

ठाणं, येरवडा आणि १४४१६

मराठीत गावांची नावं शिवीसारखी वापरली जातात. ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याची केस’. नागपूर आणि रत्नागिरी धरून राज्यातली चार सरकारी मनोरुग्णालयं या चार ठिकाणी आहेत. जुनी रुग्णालयं १९१२ च्या ज्या कायद्याखाली चालत, त्याच्या नावातच ‘वेड’ होतं. माणसाला बरं करण्यापेक्षा बाकीच्यांपासून दूर ठेवणं हा त्याचा हेतू होता. तो कायदा १९९३ पर्यंत टिकला. म्हणजे माझ्या आईची पिढी त्याच कायद्यात वाढली.

त्याच ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ सुरू केली. परीक्षेची भीती, नात्यातली भांडणं अशा रोजच्या गोष्टींसाठीही इथे या, हे त्यांनी सांगितलं. या मंडळींच्या कामात अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसतज्ज्ञाचा मोठा वाटा आहे. आणि एलिस महाराष्ट्रात रुजला तो पुन्हा पत्रांतून. किशोर फडके यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याला पत्रं लिहायला सुरुवात केली आणि अनेक वर्षं त्याच्याशी शंका, वाद, दुरुस्त्या करत राहिले. एलिसचं म्हणणं थोडक्यात असं की, घटनेमुळे थेट त्रास होत नाही. घटना आणि त्रास यांच्या मधे आपली एक धारणा असते, ती तपासायची.

माझ्या समुपदेशकाने हेच माझ्याकडून वहीत लिहून घेतलं. घटना: अलर्ट वाजला. त्रास: धडधड, घाम. मधली धारणा लिहायला मला दोन आठवडे लागले: ‘माझ्याकडून चूक होताच कामा नये, झाली तर मी या नोकरीच्या लायकीचा नाही.’ कागदावर उतरल्यावर ते कुणा दुसऱ्याच्या कोडमधला बग दिसावा तसं दिसलं. बग दिसला म्हणजे लगेच गेला असं नाही. अजूनही अधूनमधून येतो.

बाकीची वाट सरकारी कागदांतून जाते. २०१२ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने ‘आयकॉल’ सुरू केलं, फोन आणि ईमेलवरचं समुपदेशन. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार असल्याचं दिसलं. त्यांतल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. बारा राज्यांच्या त्या पाहणीत महाराष्ट्र नव्हता, पण आपण काही फार वेगळे असू असं मला वाटत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क मानला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, हेही त्यातच आलं. २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची नियमावली निघाली. आणि १० ऑक्टोबर २०२२ ला ‘टेली मानस’ सुरू झालं: १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही. हा नंबर आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा.

एक खाचखळगाही सांगतो. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ‘कौन्सेलर’ ही पाटी मात्र बऱ्याच जणांना लावता येते. शिक्षण काय, कुणाच्या देखरेखीखाली काम करता, हे विचारायला संकोचू नका. चांगला माणूस त्याचा राग मानत नाही.

वही कुठे ठेवता?

आणि एक प्रश्न माझ्या धंद्यातला. कर्व्यांकडे आलेली पत्रं फार तर एखाद्या कपाटात राहिली असतील. वाराच्या फोनवरचं बोलणं हवेत विरलं. आमचं सगळं लॉग होतं.

फिनलंडमध्ये ‘वास्तामो’ नावाची मानसोपचार केंद्रांची साखळी होती. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये उघड झालं की तिचा डेटाबेस चोरीला गेलाय. तीस हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी त्यात होत्या. चोराने आधी कंपनीकडे खंडणी मागितली, मग एकेका रुग्णाला मेल पाठवून पैसे मागितले: द्या, नाहीतर तुम्ही डॉक्टरला काय सांगितलंत ते सगळ्यांना दाखवतो. मी ते वाचलं तेव्हा गच्चीवरच होतो. असे डेटाबेस कसे उघडे राहतात हे मला ठाऊक आहे. शुक्रवारी संध्याकाळी, ‘नंतर नीट करू’ म्हणत.

पुढच्या तासाला मी विचारलं, “माझ्याबद्दलच्या नोंदी कुठे ठेवता?” ती म्हणाली, “माझ्या वहीत. नाव नाही, फक्त एक अक्षर. वही कपाटात, कुलपात.” “आणि ॲपवर?” ती थोडा वेळ थांबली. “ते मला नक्की माहीत नाही. विचारून सांगते.” तिने विचारलं, सांगितलं आणि त्यातून माझं पूर्ण समाधान झालं नाही. त्यानंतर आम्ही ॲपमधलं चॅट बंद केलं, फक्त बोलायचं ठरवलं. चौथ्या तासाला कॅमेरा सुरू केला होता, तो मात्र सुरूच ठेवला. दिसत नसताना माणूस जास्त मोकळं बोलतो, असं जॉन सुलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये लिहिलं होतं. माझ्या बाबतीत ते खरं होतं. पण काही गोष्टी सांगताना मला तिचा चेहरा पाहायचा होता.

आई

दिवाळीला कऱ्हाडला गेलो तेव्हा आईला सांगितलं. ती करंज्या लाटत होती. लाटणं थांबलं.

“म्हणजे येरवड्याला जावं लागतंय का काय रे?”

“नाही गं. फोनवर बोलायचं फक्त.”

“तुला पाहिल्याशिवाय त्यांना कसं कळणार?”

मला हसू आलं. मी तिला सगळं नाही सांगितलं, पण कर्व्यांच्या मासिकाचं सांगितलं. लोक नाव न देता पत्र लिहायचे म्हणालो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मी पण लिहिलं होतं एकदा.”

ताईच्या जन्मानंतरचं वर्ष. तिला झोप यायची नाही, सारखं रडू यायचं, बाळाला घेऊ नये असं वाटायचं. एका साप्ताहिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं सदर होतं. तिने वहीची दोन पानं भरून लिहिलं, खाली नावाऐवजी ‘एक सून’ असं लिहिलं.

“उत्तर आलं?”

“टाकलंच नाही. पाकीट आणि तिकीट आणायला बाजारात कुणाला तरी पाठवायला लागलं असतं. कुणाला लिहितेस म्हणून विचारलं असतं.”

“मग?”

“मग काय. चुलीत घातलं.” तिने पुढची पारी लाटायला घेतली. “तुझ्या त्या बाई मराठीत बोलतात का?”

“हो.”

“पैसे किती घेतात?”

मी आकडा सांगितला. तिने मान हलवली, फार आहेत असं म्हणाली नाही. रात्री जेवणं झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच विचारलं की बुधवारी मी इथेच असणार ना, मग कॉल कुठून करणार. इथे गच्चीवर नेटवर्क नाही, देवघरामागच्या खोलीत येतं. ती खोली तिने दुसऱ्या दिवशी रिकामी करून ठेवली. बुधवारी साडेआठ ते साडेनऊ ती दाराबाहेर खुर्ची टाकून बसली होती आणि आत जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, “त्याचा कॉल चालू आहे.”